बिको घरी करायचंय: चिकट तांदूळ, नारळाचं दूध आणि वरचं लातिक, सगळ्याबद्दल मदत हवीय

रुचिरा_कोथरूड

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे पण वाचा प्लीज.

माझा भाऊ आणि वहिनी डिसेंबरमध्ये पुण्याला येतायत, लग्नानंतर पहिल्यांदाच. वहिनी फिलिपिन्सची आहे, बातांगास प्रांतातली, दोघं सिंगापूरला नोकरी करतात. दरवर्षी नाताळात ती न चुकता माहेरी जाते, यंदा मात्र आमच्याकडे येतेय म्हणजे तिचा नाताळ आईवडिलांशिवाय होणार. तेव्हापासून आईने धोशा लावलाय की २४ तारखेच्या रात्री तिच्या पानात तिच्या घरचं काहीतरी गोड पाहिजेच, केक वगैरे बाहेरून आणून भागणार नाही. भावाला गुपचूप विचारलं तर तो म्हणाला बिको कर, म्हणजे चिकट तांदूळ, नारळाचं दूध आणि ब्राऊन शुगरचा वड्यांसारखा पदार्थ, वर तपकिरी रंगाचा खमंग चुरा असतो. तिच्या घरी त्याला सिनुकमानी म्हणतात आणि तिची आजी करायची म्हणे.

मी बरेच व्हिडिओ पाहिले आणि जास्तच गोंधळले. कोणी वर चुरा घालतंय, कोणी काळपट पाक ओततंय, कोणी ओव्हनमध्ये भाजतंय. माझे प्रश्न असे की हा चिकट तांदूळ पुण्यात नक्की काय नावाने मागायचा, नारळाचं दूध पॅकचं चालेल का ताजंच काढावं लागेल, ब्राऊन शुगरऐवजी आपला गूळ चालतो का, आणि तो वरचा चुरा कशाचा असतो आणि कसा करतात. आई म्हणते वेलची जायफळ घालूया, नारळ-गुळाला त्याशिवाय चव नाही. घालावं का?

कोणी तिकडे राहून आलेलं असेल किंवा फिलिपिनो लोकांकडून शिकलेलं असेल तर नक्की सांगा. मला ते तिच्या घरच्यासारखं जमवायचंय, आपल्या पद्धतीने बदललेलं नको.

मनीषा_दुबई

रुचिरा, तुझ्या आईचं फार कौतुक वाटलं, आधी तेवढं तिला सांग. आता बिकोचं.

मी इथे बरीच वर्षं नोकरी करतेय आणि आमच्या ऑफिसात निम्म्या जणी फिलिपिनो आहेत. कोणाचाही वाढदिवस असला की एक मोठं पान्सित म्हणजे नूडल्स आणि एक बिको हे ठरलेलं. मला शिकवलं ते लिपाच्या मैत्रिणीने, लिपा म्हणजे बातांगासमधलंच शहर, त्यामुळे मी सांगते ती पद्धत तुझ्या वहिनीच्या घराच्या जवळची असेल असं धरून चाल. तिकडे चिकट तांदळाला मलागकित म्हणतात, नारळाच्या दुधाला गाता आणि त्या वरच्या चुऱ्याला लातिक.

साधारण आठ-दहा जणांसाठी प्रमाण घे: चिकट तांदूळ २ वाट्या (४०० ग्रॅमच्या आसपास), चांगले पिकलेले मोठे नारळ २, ब्राऊन शुगर किंवा गूळ सव्वा वाटी, मीठ अर्धा छोटा चमचा, आल्याचा अंगठ्याएवढा तुकडा ठेचून, केळीचं पान. बस. एवढंच असतं त्यात.

नारळ ताजेच घे. खवून थोडं कोमट पाणी घालून मिक्सरला फिरव आणि पंचातून घट्ट पिळ, हे पहिलं जाड दूध साधारण २ वाट्या निघायला हवं. मग त्याच चोथ्यात परत पाणी घालून पातळ दूध २ वाट्या काढ. दोन्ही वेगवेगळी ठेव. (तिकडे पूर्वी नारळ खवायला लाकडी बैठं स्टूल असतं, पुढे दातेरी पातं, त्यावर बसून खवायचं, त्याला कुडकुरान म्हणतात. मैत्रिणीच्या घरचा फोटो पाहिला तर मी आमच्या देवरुखच्या घरचीच खवणी समजले होते.)

आधी लातिक करायचं, ते शेवटी करायचं नाही कारण त्याचं तेल पुढे लागतं. जाड दुधातलं १ वाटी कढईत घे, मध्यम आचेवर ठेव आणि ढवळत राहा. आधी नुसतं उकळेल, मग दाट होईल, मग फुटल्यासारखं दिसेल आणि कडेने स्वच्छ तेल सुटायला लागेल. इथे आवाजाकडे लक्ष ठेव, पाण्याचा बदबद आवाज जाऊन बारीक चरचर सुरू होते, तेव्हा गॅस अगदी मंद कर आणि हलू नकोस तिथून. पांढरे कण आधी पिवळसर, मग बदामी, मग तपकिरी होतात आणि शेवटचा टप्पा फार पटकन होतो. तुला हवा त्याच्या एक शेड आधी बंद कर आणि लगेच गाळून घे, गरम तेलात राहिले तर अजून काळे होतात आणि कडवट लागतात. लोणी कढवल्यावर खाली बेरी राहते ना, अगदी तोच प्रकार आहे हा, फक्त नारळाचा. वाटीभर दुधातून मोठे दोन-तीन चमचेच निघतं, त्यामुळे आईला सांग येताजाता तोंडात टाकायचं नाही 🙂

तांदूळ आदल्या रात्री भिजव. कुकरला शिट्ट्या काढून शिजवू नकोस, खळ होते त्याची. मोदकपात्रात ओलं फडकं घालून त्यावर निथळलेला तांदूळ पसर आणि २५-३० मिनिटं वाफव, मध्ये एकदा पाण्याचा हबका मारून खालीवर कर. दाणा बोटाने दाबला तर आतपर्यंत मऊ पाहिजे, मधे कण राहिला असेल तर अजून पाच-सात मिनिटं वाफव. हे महत्त्वाचं आहे, साखरेत गेल्यावर तो आणखी शिजत नाही.

मग त्याच कढईत उरलेलं १ वाटी जाड दूध, २ वाट्या पातळ दूध, साखर किंवा गूळ, मीठ आणि आलं घालून आटव. गुळाचा खडा असेल तर आधी विरघळवून गाळून घे. कालथ्याने तळाशी रेघ ओढली की ती क्षणभर तशीच राहायला हवी, तोवर आटवायचं. आलं काढून टाक, भात घाल आणि मंद आचेवर ढवळत राहा, १५-२० मिनिटं तरी. सुरुवातीला सैल वाटेल, घाबरू नकोस. हळूहळू गोळा होतो, जड होतो आणि कढई सोडायला लागतो, कालथा उचलला तर सगळा गोळा बरोबर येतो. तेव्हा झालं. हात भरून येतो खरोखर, भावाला उभं कर तिथे. तिकडे सणाला अंगणात कावा नावाच्या मोठ्या कढईत करतात आणि घरातले सगळे पाळीपाळीने ढवळतात.

केळीचं पान गॅसवर फिरवून मऊ कर, ताटात लाव, लातिकचं तेल हात सढळ ठेवून चोळ, त्यावर बिको ओत आणि तेल लावलेल्या पानाच्या तुकड्यानेच दाबून सपाट कर. वरून लातिक भुरभुरव. पूर्ण गार झाल्यावर काप. तिकडे बिलाओ म्हणजे बांबूच्या गोल सुपात केळीचं पान लावून देतात, तुला बुरुडाकडे छोटं गोल सूप किंवा परडी मिळाली तर तीच वापर, दिसायला अगदी तिच्या घरच्यासारखं दिसेल.

आणि वेलची जायफळ नको. प्लीज नको. आईला पटवून सांग की आपली चव द्यायला नारळीभात आहेच, तो नारळी पौर्णिमेला. बिकोला वास असतो तो भाजलेल्या नारळाचा आणि काळ्या साखरेचा, त्यावर वेलची पडली की ते दोन्ही मरतात.

पमा_सातारा

मनीषाताई मस्त लिहिलंय, वाचूनच करावंसं वाटतंय. पण एक विचारू का, हा खास तांदूळ नाही मिळाला तर इंद्रायणी किंवा आंबेमोहोर चालणार नाही का? आमचा इंद्रायणीपण छान चिकट होतो की.

डॉ_बार्शी

पमाताई, इंद्रायणी नाही चालणार. करून बघितलं तर गोड भात चांगला होईल पण बिको होणार नाही. इंद्रायणी, आंबेमोहोर शिजल्यावर चिकट लागतात पण त्यांच्यात अमायलोज नावाचं स्टार्च बऱ्यापैकी असतं, गार झाला की भात घट्ट आणि कोरडा होतो. मलागकितमध्ये अमायलोज जवळजवळ नसतंच, सगळं अमायलोपेक्टिन, म्हणून तो गार झाल्यावरही ओढला तर ताणला जातो.

ओळखायचा सोपा मार्ग सांगतो. कच्चा दाणा हातात घेऊन उजेडात धरा. आपला नेहमीचा तांदूळ काचेसारखा अर्धपारदर्शक दिसतो, चिकट तांदूळ खडूसारखा पांढराफटक असतो, उजेड आरपार जात नाही. दुकानदार काहीही म्हणू दे, हे बघून घ्या. आणि घरात टिंक्चर आयोडीन असेल तर चार शिजलेले दाणे वाटीत घेऊन पाणी घातलेला एक थेंब टाका, साधा भात निळाकाळा होतो, चिकट तांदूळ लालसर तपकिरी होतो. (ते दाणे खायचे नाहीत हे वेगळं सांगायला नको.)

आता माझं थोडं. मी एमबीबीएस दवाओला केलं, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रातली पोरं तिकडे भरपूर असतात. दवाओ म्हणजे दक्षिणेला मिंदानाओ बेटावर, तिथे बहुतेक लोक बिसाया बोलतात. रुचिराताई तुमचा व्हिडिओचा गोंधळ इथून आलाय: बिसाया भागात बिकोवर चुरा नसतो, नारळाचं दूध आणि काळी साखर आटवून केलेला दाट पाक असतो आणि त्यालाही ते लातिकच म्हणतात. बातांगास उत्तरेला लुझोनवर आहे, तिकडे लातिक म्हणजे मनीषाताईंनी सांगितलेला चुरा. ओव्हनवालं असतं ते बिबिंकांग मलागकित, त्यात भातावर नारळाच्या दुधाचा दाट थर ओतून भाजतात. चुलत भावंडं आहेत सगळी पण तुमच्या वहिनींसाठी चुऱ्याचंच करा.

दवाओत माझा जीव मात्र पुतो मायावर. तोच चिकट तांदूळ नारळाचं दूध, आलं आणि मीठ घालून वाफवतात, त्याचे छोटे मुटके करून देतात, बरोबर पिकलेला आंबा आणि सिक्वाते. सिक्वाते म्हणजे कोकोच्या वड्या पाण्यात घुसळून केलेलं कडू गरम चॉकलेट. बांकेरोहान मार्केटमध्ये पहाटे मिळायचं, नाईट ड्युटी संपली की आम्ही सरळ तिकडेच. भात कोमट, आंबा गार, चॉकलेट कडू, एका घासात तिन्ही. घरापासून इतक्या लांब असताना त्या बाकड्यावर जे पोट भरायचं ते अजून आठवतं. डिसेंबरात आंबा नाही मिळणार तुम्हाला पण मे महिन्यात हापूसबरोबर करून बघाच, साखरही कमी लागते.

लिंबूटिंबू_ठाणे

पॅकच्या दुधाबद्दल कोणीच सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहितो, मी फूड टेक्नॉलॉजीवाला आहे.

पॅकमधलं किंवा डब्यातलं नारळाचं दूध शेल्फवर महिनोन्महिने एकजीव राहावं म्हणून त्यात बहुतेक वेळा ग्वार गम किंवा इमल्सिफायर घातलेलं असतं. त्यांचं कामच मुळी तेल आणि पाणी वेगळं होऊ न देणं. आणि लातिक म्हणजे काय तर नेमकं तेच वेगळं करणं. म्हणून लोक तासभर ढवळत बसतात आणि खाली नुसतं दाट पांढरं राहतं. मागच्या बाजूला घटक वाचा, फक्त नारळ आणि पाणी लिहिलं असेल तर होईल, नाहीतर लातिकसाठी ताजंच दूध काढा. आटवायच्या पाकासाठी मात्र पॅकचं बिनधास्त वापरा, तिथे न फुटणारं दूध उलट सोयीचं.

मनीषाताईंनी भात आधी पूर्ण शिजवा म्हटलंय त्याचं कारण असं की साखर पाणी धरून ठेवते, स्टार्चला फुगायला पाणी मिळत नाही आणि ते फुगायला जास्त तापमान लागतं. अर्धवट शिजलेला दाणा पाकात गेला की अर्ध्या तासाने पण तसाच टणक. नारळीभातात गूळ घातल्यावर तांदूळ टचटचीत राहतात ही तक्रार असते ना, कारण हेच.

गुळाबद्दल. तिकडची मुस्कोवाडो ही मळी न काढलेली उसाची साखर, आणि पानुत्सा म्हणून चक्क गुळाच्या ढेपाच मिळतात, करवंटीत ओतून घट्ट केलेल्या. त्यामुळे गूळ वापरलात तर ती काही तडजोड नाही. फक्त पिवळाधमक गूळ घेऊ नका, गडद तपकिरी, बिनकेमिकलचा कोल्हापुरी घ्या. गूळ घातल्यावर नारळाचं दूध थोडं फाटल्यासारखं दिसलं तरी बिकोत काही बिघडत नाही, आपण ते आटवणारच आहोत.

जोरहाटवाली

तांदळासाठी माझाही एक पर्याय. आम्ही मिस्टरांच्या नोकरीमुळे आसामात आहोत आणि इथे बोरा साऊल म्हणून जो तांदूळ मिळतो तो खरा चिकट तांदूळच आहे. बिहूला पिठा करतात त्याचा, बांबूच्या नळीत घालून निखाऱ्यावर भाजतात, नाश्त्याला दही-गुळाबरोबर खातात. मी त्याचा बिको केलाय, शेजारच्या मणिपुरी वहिनींनी दिलेल्या काळ्या चाक-हाओचाही केलाय. चाक-हाओ शिजायला वेळ घेतो, त्याला रात्रभर भिजवणं मस्टच, पण जांभळा रंग असा सुंदर येतो की बघत राहावं. फिलिपिन्समध्येही जांभळा तांदूळ असतो, पिरुरुतोंग, तो नाताळातल्या पुतो बुंबोंगमध्ये घालतात. ऑनलाइन बोरा साऊल आणि चाक-हाओ दोन्ही मिळतात, पुण्यात ईशान्येकडच्या मुलांची छोटी दुकानं असतात तिथेही विचारून बघ. पण चोकुवा किंवा कोमल साऊल घेऊ नकोस, तो नुसता भिजवून खायचा तांदूळ, तो वेगळा.

थाई चिकट तांदूळ मोठ्या सुपरमार्केटात मिळतो, तो लांब दाण्याचा असतो, फिलिपिनो मलागकित आखूड गोल दाण्याचा. चालतं दोन्ही. लांब दाण्याला वाफवणंच चांगलं, पाण्यात शिजवू नका.

कल्याणी_नाशिक

मध्येच विचारते, पाकिटावर ग्लुटिनस राइस लिहिलेलं असतं. माझ्या मुलाला सिलिअ‍ॅक आहे, गहू अजिबात चालत नाही. मग हा तांदूळ नको ना द्यायला?

डॉ_बार्शी

कल्याणीताई, द्या. त्यात गव्हातलं ग्लुटेन नसतं, ते नाव फक्त चिकटपणावरून पडलंय. फक्त गव्हाच्या पिठाबरोबर हाताळलेलं सुटं घेऊ नका, सीलबंद पाकीट घ्या आणि ग्लुटेन-फ्री लिहिलंय का बघा. बिकोत मैदा, दूध, अंडं काहीच नसतं. मधुमेह असलेल्यांनी मात्र बेताने, चिकट तांदूळ फार पटकन पचतो आणि साखर भराभर वाढवतो, वर तो गूळ.

रुचिरा_कोथरूड

बापरे, केवढी माहिती दिलीत सगळ्यांनी, मनापासून थँक्यू 🙏 आईला सगळं वाचून दाखवलं. वेलची नको हे ऐकून ती जरा गप्प बसली आणि मग म्हणाली, बरोबर आहे, उद्या माझ्या पुरणपोळीत कोणी व्हॅनिला घातला तर मला चालेल का. म्हणजे तो विषय संपला. जोरहाटवाली, तुझं वाचून बोरा साऊल मागवलाय आणि एक छोटं पाकीट थाईचं पण, दोन्ही आधी थोडं थोडं करून बघणार. बाबा लगेच म्हणाले आयोडीनची टेस्ट मी करणार.

आता उरलेले प्रश्न. एक, २४ ला घरात पंचवीसेक माणसं असणार, तेव्हा हे आदल्या दिवशी करून ठेवलं तर चालेल का, फ्रिजमध्ये ठेवू का? दोन, तिकडे नाताळाच्या रात्री हे नक्की कधी खातात, जेवणानंतर का आधी? वहिनीला विचारलं तर सरप्राइज फुटेल. तीन, पांदानचं पान घालतात असं एका व्हिडिओत होतं, ते गरजेचं आहे का?

लिंबूटिंबू_ठाणे

फ्रिज नको. कुठलाही भात थंडीत घट्ट होतो आणि बिकोही होतो, कडेचे तुकडे तर चामट होतात. पण नारळ असल्याने बाहेरही फार टिकत नाही. पुण्याच्या डिसेंबरात २३ च्या रात्री उशिरा केलंत आणि केळीच्या पानाने झाकून थंड जागी ठेवलंत तर २४ च्या रात्रीपर्यंत राहायला हवं, तरी वाढण्याआधी वास घेऊन बघाच. मी तुमच्या जागी असतो तर लातिक आणि तेल २३ ला करून बरणीत ठेवलं असतं, तांदूळ भिजवला असता, आणि वाफवणं-ढवळणं २४ ला दुपारी. उरलंच तर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी पाच-सात मिनिटं वाफवा, परत मऊ होतं. लातिक मात्र आधी काढून ठेवा, वाफेने मऊ पडतं.

आणि पंचवीस माणसांना प्रमाण दुप्पट-तिप्पट करणार असाल तर दोन कढया लावा. एकाच कढईत एवढा गोळा घरच्या गॅसवर ढवळला जात नाही आणि खाली लागतो.

मनीषा_दुबई

खाण्याच्या वेळेबद्दल मी सांगते. तिकडे १६ डिसेंबरपासून २४ पर्यंत रोज पहाटे चर्चमध्ये मिस्सा असते, सिंबांग गाबी म्हणतात. अंधारात उठून जायचं आणि बाहेर आलं की दारातच गाड्यांवर बिबिंका आणि पुतो बुंबोंग. पुतो बुंबोंग म्हणजे जांभळट चिकट तांदळाचं पीठ बांबूच्या नळ्यांत वाफवतात आणि वरून लोणी, ओलं खोबरं आणि काळी साखर घालून केळीच्या पानावर देतात. माझी मैत्रीण सांगते की त्या नळ्यांमधून सुटणारी वाफ लांबून दिसली की पावलं आपोआप भरभर पडायची. ते घरी करायला बांबूच्या नळ्यांचं खास वाफेचं भांडं लागतं, त्याच्या नादी लागू नकोस.

२४ च्या रात्रीचं जेवण म्हणजे नोचे बुएना, ते मध्यरात्रीच्या मिस्सानंतर, सगळं टेबलावर एकदमच मांडलेलं असतं आणि बिकोही त्यातच. आधी-नंतर असं काही नाही, ज्याला जेव्हा हवं तेव्हा तो एक तुकडा उचलतो. तेव्हा तू वेगळं स्वीट डिश म्हणून शेवटी आणू नकोस, सुरुवातीपासून मधोमध ठेव. आणि ती ३१ ला तुमच्याकडेच असेल तर तेव्हाही कर, नवीन वर्षाच्या रात्री चिकट भाताचं काहीतरी खायचंच असतं, घरातली माणसं वर्षभर एकमेकांना धरून राहावीत म्हणून.

बरोबर कॉफी कडक कर, बिनदुधाची. बातांगासची कापेंग बाराको प्रसिद्ध आहे, लायबेरिका जातीची, सिनुकमानीबरोबर तीच. पुण्यात ती नाही मिळाली तर साधी काळी फिल्टर कॉफी कर पण चिकोरी नसलेली.

पांदान घातलं तर वास छान येतो पण बातांगासच्या माझ्या मैत्रिणी आलंच घालतात. तुझ्या बागेत किंवा शेजारी अन्नपूर्णेचं झाड असेल, काही जण त्याला बासमतीचं पानही म्हणतात, तर तेच पांदान, एक पान गाठ मारून भात वाफवताना ठेव. नसेल तर शोधत फिरू नकोस.

पमा_सातारा

रुचिरा आमच्याकडे अन्नपूर्णेच्या दोन कुंड्या आहेत, माझा मुलगा दर शनिवारी पुण्याला येतो. पानं पाठवू का? केळीची पानंही देते परसातली, बाजारातली मधे चिरलेली असतात आणि ताटात लावली की खालून गळतं.

रुचिरा_कोथरूड

पमाताई, नक्की! किती छान. निरोप टाकते तुम्हाला. मग २१ च्या शनिवारी त्याच्याकडून घेईन. केळीची पानं तेवढे दिवस टिकतील ना? फडक्यात गुंडाळून ठेवू का?

पमा_सातारा

टिकतात. देठ कापू नकोस, ओल्या फडक्यात सैल गुंडाळ, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेव, घडी घालू नकोस, तिथेच फाटतं. गॅसवर फिरवताना चकाकी आलेली दिसते, लगेच पुढे सरकव. मोठी पाच-सहा पाठवते, दोन ताटांना आणि वर झाकायला पुरतील.

डॉ_बार्शी

आणि रुचिराताई, एक कोपऱ्याचा तुकडा वहिनींसाठी आधीच बाजूला काढून ठेवा. तिकडे सगळ्यांना कडेचाच हवा असतो, तो जरा चिवट आणि तेलकट होतो आणि लातिकही तिथेच साचतं. दवाओत आमच्या घरमालकीणबाई तो कधी कोणाला द्यायच्या नाहीत, फक्त ज्याची परीक्षा असेल त्याला.